कंपनी खालावतेय : थांबायचं की निघायचं, हे कोणत्या क्रमाने ठरवावं

कुपवाड, मिरज, पलूस किंवा सातारा एमआयडीसीत एखादा कारखाना डळमळू लागला की आत काम करणारे दोन प्रकारे चुकतात. एकजण चहाच्या गाड्यावरची बातमी ऐकून आठवड्यात राजीनामा टाकतो. दुसरा तीन-चार पगार थकले तरी "मालक जुना माणूस आहे, कुणाचं बुडवणार नाही" म्हणत बसतो. पहिल्याला नंतर कळतं की तीन महिने थांबला असता तर ग्रॅच्युइटी बसली असती. दुसऱ्याला कळतं की वर्षभर पीएफ कापला गेला, पण भरलाच गेला नाही. राजीनामा ही जवळजवळ शेवटची पायरी आहे आणि बहुतेकजण तिथूनच सुरुवात करतात. म्हणून खालचा क्रम बदलू नका.

१. आधी कागद ताब्यात घ्या

निर्णय काहीही होवो, हे काम याच आठवड्यात करायचं. कंपनी ढासळायला लागली की अकाउंट्सचा आणि एचआरचा माणूस लवकर निघतो, कारण खरे आकडे त्याला आधी दिसतात. तो गेल्यावर साधी पगारपावती मिळवायलाही चार हेलपाटे पडतात.

नेमणूकपत्र, कायम केल्याचं पत्र, पगारवाढीची पत्रं, निदान वर्षभराच्या पगारपावत्या, शिल्लक रजेचा आकडा आणि ज्या खात्यात पगार जमा होतो त्याचं स्टेटमेंट, हे सगळं एकत्र करा. हजेरी बायोमेट्रिकवर असेल तर महिन्याच्या तक्त्याची प्रत मागा.

मग पीएफ. यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) चालू आहे का, त्याला तुमचाच मोबाइल जोडलाय का, आधार, पॅन आणि बँक खातं मंजूर झालंय का, हे पोर्टलवर उघडून पाहा. नाव, जन्मतारीख आणि कामावर लागल्याची तारीख अक्षरशः तपासा. आधारवर 'बाळासाहेब' आणि पीएफवर 'बाळासो' असली गंमत आपल्याकडे घरोघरी आहे. काही दुरुस्त्या आता स्वतःच्या लॉगिनमधून होतात, पण काहींना अजून कंपनीची डिजिटल मंजुरी लागते. ती देणारा माणूस जागेवर आहे तोवर हे उरकून घ्या. ई-नॉमिनेशनही भरून टाका.

*सावधान :* गोळा करायचे ते फक्त तुमच्याबद्दलचे कागद. ड्रॉइंग, ग्राहकांचे दर, पुरवठादारांची यादी स्वतःच्या मेलवर पाठवलीत तर उद्या तुमचा हिशेब अडवायला कंपनीच्या हातात आयतं कारण येईल.

२. कंपनीची तब्येत बाहेरून तपासा

आतल्या गप्पांवर विसंबू नका. घरबसल्या चार गोष्टी पाहता येतात आणि तिथे रंगसफेदी करायला फारसा वाव नसतो.

*पीएफ पासबुक.* एका महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. गेल्या १२ महिन्यांच्या नोंदी ओळीने वाचा. एखादी नोंद उशिरा आली तर तेवढ्याने घाबरू नका. सलग दोन महिने रिकामे असतील आणि पगारातून कपात मात्र झाली असेल, तर प्रकरण गंभीर आहे. तुमच्या पगारातून कापलेला वाटा न भरणं हा फौजदारी गुन्हा ठरतो. इतका धोका पत्करणाऱ्या मालकाकडे रोख रक्कम उरलेली नाही, हे गृहीत धरा.

*पीएफचा एस्टॅब्लिशमेंट सर्च.* याची माहिती फारच थोड्यांना असते. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर कंपनीचं नाव किंवा कोड टाकला की दरमहा किती रक्कम भरली, कोणत्या तारखेला भरली आणि किती कामगारांची भरली, हे दिसतं. कामगारांचा दोन वर्षांपूर्वीचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी लिहा. १८० वरून ९५ वर आले असतील, तर "सगळं सुरळीत आहे" या मीटिंगमधल्या वाक्याला काही किंमत नाही.

*जीएसटी पोर्टल.* कंपनीचा जीएसटी नंबर गेटवरच्या फलकावर किंवा बिलावर असतोच. 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये तो टाकला की विवरणपत्रं कोणत्या तारखेला भरली त्याचा तक्ता मिळतो. जीएसटीआर-३बी (ज्यासोबत कर भरतात ते विवरणपत्र) दोन-तीन महिने भरलेलं नसेल, तर कर भरायलाही पैसे नाहीत असा सरळ अर्थ घ्या.

*कंपनी व्यवहार मंत्रालयाचं पोर्टल.* कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर शेवटचा ताळेबंद कधीचा सादर केलाय, संचालकांची नावं आणि मालमत्तेवर कोणत्या बँकेचा किती बोजा आहे, हे तिथे कळतं. ताळेबंद दोन वर्षं थकलाय आणि बोजा मात्र वाढतोय, ही जोडी वाईट. कुपवाडसारख्या ठिकाणी भागीदारी आणि मालकीच्या फर्म भरपूर आहेत. त्या या पोर्टलवर सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी आधीच्या तीन तपासण्यांवरच काम भागवावं लागतं.

आता शॉपफ्लोअरवरची लक्षणं. ओव्हरटाइम बंद झाला, कँटीनचा दर्जा घसरला, या गोष्टींना लोक उगाच महत्त्व देतात. चांगल्या चालणाऱ्या कंपन्याही खर्च कापतातच. मी तीन लक्षणांना वजन देतो. कच्चा माल देणारा उधारी बंद करून रोख मागू लागला. दुरुस्तीला सुटे भाग येईनात म्हणून एका मशीनचे काढून दुसऱ्याला बसवले जाऊ लागले. आणि सगळ्यात मोठं लक्षण म्हणजे ग्राहक आपले पॅटर्न, डाय किंवा फिक्स्चर परत नेऊ लागला. फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये ही हत्यारं बहुधा ग्राहकाच्या मालकीची असतात. ती त्याने टेम्पोत भरून नेली म्हणजे तुमचं काम कोल्हापूर-शिरोलीत किंवा पुण्यात दुसऱ्या कुणाला दिलंय. ते काम परत येत नाही.

*पडताळा :* वरच्या चार तपासण्यांपैकी निदान दोन केल्याशिवाय तिसऱ्या टप्प्याकडे जाऊ नका.

३. मंदी आहे की कंपनीचाच बिघाड, हे वेगळं करा

ट्रॅक्टर आणि ट्रकच्या सुट्या भागांचं काम चढ-उताराचंच असतं. साखर कारखान्यांना यंत्रसामग्री पुरवणाऱ्यांकडे हंगामाआधी गर्दी आणि नंतर शांतता, हेही दरवर्षीचं. तेव्हा शेजारच्या दोन-तीन कंपन्यांत काय चाललंय ते विचारा. गल्लीतल्या सगळ्यांचंच शेड्यूल कमी झालं असेल आणि तुमच्याकडे पगार वेळेवर होत असेल, तर ही मंदी आहे. अशा वेळी बाहेरही नोकऱ्या नसतात आणि घाईने निघालेला माणूस कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर जाऊन अडकतो. शेजारी दोन पाळ्या जोरात चालल्यात आणि तुमचीच एक कशीबशी रेटली जातेय, तर बिघाड घरचा आहे. भावाभावांची वाटणी, मालकाने पैसा जमिनीत किंवा दुसऱ्या धंद्यात घालणं, एकाच ग्राहकावर विसंबणं, अशी त्याची नेहमीची कारणं. यातलं पहिलं कारण कोर्टात गेलं असेल तर वर्षानुवर्षं सुटत नाही, हे लक्षात ठेवा.

४. तुमचं तिथे किती अडकलंय, ते आकड्यात मांडा

इथे थोडा वेळ द्या. भावनेने होणाऱ्या बहुतेक चुका या टप्प्यावर थांबतात.

*ग्रॅच्युइटी.* पाच वर्षं सलग सेवा झाली की हक्क लागतो. हिशेब असा : शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० आणि सेवा ११ वर्षं असेल, तर साधारण १ लाख १४ हजार होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. मूळ पगार मुद्दाम कमी दाखवणाऱ्या कंपन्यांत त्यामुळे हा आकडा वाढू शकतो. मुदतीच्या करारावर असाल तर एका वर्षानंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळण्याची त्यात तरतूद आहे. पाचव्या वर्षी २४० दिवस भरले की पुरे, असं अनेकजण सांगतात आणि त्याला न्यायालयीन निकालांचा आधारही आहे. तरी कंपनी यावर भांडते. पाच वर्षं पुरी व्हायला दोन-तीन महिने उरले असतील आणि पगार निघत असेल, तर तेवढं थांबलेलं बरं.

*पेन्शन.* पीएफमधल्या पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते, पण ती एकाच कंपनीत व्हावी लागत नाही. नवीन ठिकाणी खातं वर्ग केलं की सेवा जोडली जाते. अडचणीत म्हणून पेन्शनचीही रक्कम काढून घेतली, की मागची सगळी वर्षं पुसली जातात. आठ-नऊ वर्षं झालेल्या माणसाने हे करणं म्हणजे शुद्ध नुकसान.

*नोकरकपातीची भरपाई.* ही गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत असते. कंपनीने 'कामगार' म्हणून असलेल्या माणसाला कमी केलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. २४,००० पगार आणि ११ वर्षं सेवा असेल तर ही रक्कम सुमारे १ लाख ३२ हजार होते. ती ग्रॅच्युइटीहून वेगळी. स्वतः राजीनामा दिला की यातला एक रुपयाही मिळत नाही. म्हणूनच काही ठिकाणी माणसांना एकेकटं केबिनमध्ये बोलावून तयार राजीनाम्यावर सही मागतात. मॅनेजर आणि १८,००० वर पगार असलेले सुपरवायझर मात्र या संरक्षणात येत नाहीत.

*बोनस.* "दिवाळीचा बोनस घेऊन सोडू" हा आपल्याकडचा ठरलेला विचार. बोनस मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. त्या वर्षात ३० दिवस काम केलं असेल तर मध्येच सोडून गेलेल्या पात्र माणसाचाही त्यावर हक्क राहतो. वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबरअखेर, तो द्यायचा असतो. केवळ बोनससाठी चांगली ऑफर हातची घालवू नका.

*सावधान :* थकलेला पगार या बेरजेत वेगळ्या ओळीत लिहा आणि त्याच्यासाठी थांबू नका. दोन महिन्यांचं यावं म्हणून थांबलेल्याचं पुढे पाच महिन्यांचं थकतं. तो पगार तुम्ही गेल्यावरही मागता येतो.

५. घरचा हिशेब, आणि जामीनकीचाही

महिन्याचा खर्च खरा लिहा : किराणा, हप्ते, मुलांची फी, आई-वडिलांची औषधं, भिशी, बचत गटाचा हप्ता. सहा महिने पगाराविना निघतील एवढे पैसे जवळ असतील तर तुम्ही मोकळेपणाने ठरवू शकता. दोन महिन्यांचेच असतील तर हातात लेखी ऑफर आल्याखेरीज राजीनाम्याचा विषय काढू नका. घरी ऊस असेल तर त्याचं बिल मासिक उत्पन्नात धरू नका. ते येतं तेव्हा येतं, आणि त्यातून सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होतं.

आता जामीनकी. आपल्या भागात एकाच खात्यातले चौघे कामगार पतसंस्थेच्या कर्जाला एकमेकांना जामीन असतात. कंपनी बंद पडली की चौघांचे पगार एकदम थांबतात, कर्जदार हप्ता चुकवतो आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला निघाला की त्यात जामीनदाराचंही नाव असतं. तुम्ही कुणाकुणाला जामीन आहात, किती बाकी आहे, याचा उतारा आजच पतसंस्थेतून घ्या. तुमचा स्वतःचा हप्ता पगारातून कापला जात असेल तर तो संस्थेत जमा होतोय का, तेही तिथेच विचारा. कापलेले पैसे महिनोन्‌महिने कंपनीतच फिरवले जातात आणि दंडव्याज कामगाराच्या नावावर चढतं.

ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर संरक्षण नोकरी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी संपत नाही. एप्रिल ते सप्टेंबरमधल्या वर्गणीचे लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतात. कंपनीचा गट आरोग्य विमा मात्र सोडताच संपतो. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर ते आधी उरका.

६. बाहेर विचारणा, गाजावाजा न करता

नोकरीत असताना शोधा. बंद पडलेल्या कंपनीतून एकाच आठवड्यात ऐंशी माणसं बाजारात आली की दर पडतो. शिरवळ-खंडाळा, लोणंद, कागल, गोकुळ शिरगाव इथपर्यंतची चौकशी करा, फक्त पुण्याची नको.

ऑफरची तुलना हातात उरणाऱ्या रकमेवर करा. समजा कुपवाडला घरी राहून २४,००० मिळतात आणि चाकणला ३२,००० ची ऑफर आहे. खोलीभाडं ७,०००, मेस ४,०००, महिन्यातून दोन वेळा गावी ये-जा आणि किरकोळ २,०००. उरले १९,०००. पगार वाढला आणि घर खर्चात गेलं. तरीही इथला पगार तीन महिन्यांपासून येतच नसेल, तर १९,००० हे शून्यापेक्षा जास्तच आहेत.

*पडताळा :* नवीन ठिकाणी तुम्ही कंपनीच्या पेरोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या, हे लेखी घ्या. आणि दुसऱ्या टप्प्यातल्या तपासण्या नवीन कंपनीलाही लावा. हे कुणीच करत नाही.

७. रेघ आणि तारीख आधीच ठरवा

"बघू पुढच्या महिन्यात" यात वर्षं जातात. घरच्यांसमोर बसून वहीत लिहा : यातलं काय झालं की मी निघणार. माझ्या मते या रेघा पुरेशा आहेत.

पगार दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा. तो सलग दोनदा महिनाभर लांबला, पीएफ तीन महिने भरला नाही, किंवा मुख्य ग्राहकाने हत्यारं नेली : यातली एक गोष्ट घडली तर शोध जोरात सुरू. दोन घडल्या तर पहिली बरी ऑफर घ्यायची, उत्तम ऑफरची वाट पाहायची नाही.

थांबणं शहाणपणाचं ठरतं ते तीनच प्रसंगी : ग्रॅच्युइटीची पाच वर्षं अगदी तोंडावर आहेत, रीतसर कपात होणार हे नक्की आहे आणि तुम्ही 'कामगार' आहात, किंवा ही नुसती मंदी आहे आणि पगार वेळेवर होतोय. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर कपातीच्या भरपाईचं गणित जास्त जड धरा, कारण बाहेर तेवढा पगार पुन्हा मिळणं कठीण.

"नवीन भागीदार येतोय", "जागा विकून सगळ्यांचे देणार" या बातम्यांनी ठरवलेली तारीख एकदाच आणि जास्तीत जास्त एक महिना पुढे ढकलावी.

८. राजीनामा

नवीन ठिकाणचं नेमणूकपत्र हातात आल्यावरच. फोनवरचा होकार म्हणजे ऑफर नव्हे.

पत्र चार ओळींचं ठेवा : राजीनाम्याची तारीख, नोटिशीचा काळ, कामाचा शेवटचा दिवस, आणि "थकीत पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी व बोनस देय आहे" हे वाक्य. पगार थकल्यामुळे सोडत असाल तर तेही लिहा. पोच देणाऱ्या प्रतीवर शिक्का घ्या आणि तोच मजकूर मेलनेही पाठवा. कुणी घेतच नसेल तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा.

नोटीस पूर्ण करा. उद्यापासून येत नाही म्हणून घरी बसलात तर नोटिशीचा पगार वजा करायला कंपनीला निमित्त मिळतं.

*सावधान :* "पूर्ण हिशेब मिळाला" असं लिहिलेल्या पावतीवर पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय सही नको. कोऱ्या व्हाउचरवर तर कधीच नको. पुढच्या तारखेचा चेक दिला तर पावतीवर चेक नंबर आणि 'चेक वटल्यास' हे शब्द स्वतःच्या हाताने लिहा. अनुभवपत्र आणि कार्यमुक्तीचं पत्र शेवटच्या दिवशीच मागून घ्या.

९. सोडल्यानंतरचे तीन महिने

वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतनाचा हिशेब द्यायचा आहे. अडचणीतली कंपनी तो देत नाही, म्हणून लेखी मागणी लगेच करा. ग्रॅच्युइटीचा अर्ज ३० दिवसांत द्या. देय झाल्यापासून ३० दिवसांत ती मिळाली नाही तर व्याजही मागता येतं. दाद जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात मागायची, आणि शक्यतो पाच-सहाजणांनी मिळून, पण प्रत्येकाचा तक्ता वेगळा जोडून.

पीएफमध्ये कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतःच्या लॉगिनमधून टाकता येते. खातं काढू नका, वर्ग करा. ऑनलाइन तक्रार अडली तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात पीएफ कार्यालयाचं 'निधी आपके निकट' हे शिबिर असतं. पासबुकाची आणि पगारपावत्यांची प्रत घेऊन तिथे जा.

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर तुमचं येणं आपोआप यादीत चढत नाही. वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, त्यात दावा करण्याची शेवटची तारीख असते. कामगार-कर्मचाऱ्यांनी 'फॉर्म डी' भरून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायचा. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर कामगारांच्या आधीच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारणधारक बँकांच्या बरोबरीचं स्थान आहे, इतर कर्मचाऱ्यांच्या १२ महिन्यांच्या थकबाकीला त्यानंतरचं. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडातली रक्कम त्या वाटपाच्या बाहेर राहते. गाव सोडून चाकणला गेलेल्याला ही सूचना दिसतच नाही, म्हणून मागे राहिलेल्या एखाद्या सहकाऱ्याला ती पाहायला सांगून ठेवा आणि पहिल्या टप्प्यातल्या कागदांची एक प्रत घरी ठेवून जा.